तिसरी दीर्घिका आणि गल्लीतला दिवा

१२ फेब्रुवारी

"शहरातून तिसरी दिसत नाही," असं आज महर्षींनी मंडळाच्या बैठकीत जाहीर केलं आणि माझ्याकडे बघून पुढे जोडलं, "त्यातून बाईंच्या त्या टाकीतून तर नाहीच." सगळे हसले. ज्यांना ध्रुवतारा दाखवायला बोट धरून न्यावं लागतं तेही हसले.

टाकी म्हणजे माझी आठ इंची दुर्बीण. महर्षी म्हणजे आमच्या आकाशमंडळाचे अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक, पांढरी दाढी, आणि ज्यात मोटर बसवलेली आहे अशी दुर्बीण. ते बटण दाबतात, दुर्बीण आपोआप वळते आणि ते म्हणतात, "मला सापडली." उद्या मी रिक्षात बसून म्हणेन, मी चालत आले.

मंडळाची शंभर वस्तूंची यादी आहे. माझ्या नव्व्याण्णव झाल्या, सगळ्या हाताने शोधून. उरली ती ही. सिंह राशीच्या मागच्या पायापाशी तीन दीर्घिका जवळजवळ आहेत. दोन मला कधीच दिसल्या. तिसरी आपल्याकडे कड करून बसलीय, काचेवर फुंकर मारल्यावर क्षणभर वाफ धरावी इतकी फिकट. तिला पाहिलं की यादी पुरी. मे उजाडेपर्यंत सिंह पश्चिमेला कलतो, मग पुढच्या वर्षापर्यंत वाट बघा.

मी बघणार नाही. याच वर्षी, याच टाकीतून, याच गच्चीवरून.

१५ फेब्रुवारी

दीड तास घालवला. दिसला तो फक्त सात नंबरचा खांब. नगरपालिकेने गेल्या वर्षी त्यावर पांढरा दिवा बसवला, त्याचा उजेड गल्लीत कमी आणि माझ्या गच्चीवर जास्त पडतो. गच्चीच्या कठड्यावर चादर बांधली, डोक्यावर काळं कापड घेतलं. शेजारच्या गच्चीवरच्या आजोबांनी विचारलं, "वाफ घेताय का? सर्दी झाली?"

हो म्हटलं. खरं सांगण्यात रात्र गेली असती.

२० फेब्रुवारी

सात नंबरचा दिवा गेला. आपोआप. मी काही केलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढेमागे मलाच शंका यायची.

काय काळोख पडलाय. पायापाशीच्या दोघी लगेच दिसल्या, जुन्या मैत्रिणींसारख्या. तिसरीच्या जागी नुसतं आकाश, पण आता निदान ते काळं आहे.

लेक सव्वादहाला कामावरून आली. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, दुसरी पाळी. घरात आम्ही दोघीच. तिचे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. चपला काढता काढता म्हणाली, "आई, गल्लीतला दिवा गेलाय. तुझंच ऑफिस आहे, सांग ना कुणाला तरी."

"नोंदवते," म्हटलं.

२५ फेब्रुवारी

नोंदवायची गरज पडली नाही. तक्रार आपल्या पायांनी चालत माझ्या टेबलावर आली. खांब क्रमांक सात, दिवा बंद, तक्रारदार एक रहिवासी. आमच्याकडे तक्रारी फोनवर घेतात, खालच्या खोलीत. नाव आणि नंबर तिथल्या वहीत राहतं, मला वर फक्त मजकूर येतो.

एकवीस वर्षं मी हे काम करतेय. दिवसभर लोकांच्या अंधाराच्या तक्रारी मिटवायच्या आणि रात्री गच्चीवर जाऊन उजेडाला शिव्या घालायच्या. असा धंदा शत्रूच्याही नशिबी नको.

तक्रार मिटवताना कॉम्प्युटर कारण विचारतो. 'दुरुस्ती झाली' लिहिलं तर वायरमनची सही लागते. 'साहित्य उपलब्ध नाही' लिहिलं तर भांडाराची. 'खांब सापडला नाही' याला कुणाचीच लागत नाही, कारण जे सापडलंच नाही त्यावर सही कोण करणार. ज्याने ही यादी बनवली त्याला सरकारी माणसाचं काळीज पुरतं ठाऊक होतं.

मी तिसरं कारण निवडलं. तक्रारदाराला तसा मेसेज आपोआप जातो, खाली माझा टेबल क्रमांक, चार.

हे बरं नव्हे, कळतं. पण या गल्लीत एकवीस वर्षांत एक सायकलसुद्धा चोरीला गेलेली नाही. दोन महिने अंधार सोसला तर कुणाचं काय जाणार आहे.

१४ मार्च

आज जवळजवळ.

अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात. त्यात एकदा जरी फोनचा पडदा लागला तर पुन्हा पहिल्यापासून. एकोणीस मिनिटं झाली, त्या दोघींच्या वर किंचित काहीतरी असल्यासारखं वाटलं, आणि फोन. लेक.

"आई, कोपऱ्यावर आलेय. खाली येतेस?"

"का? किल्ली नाही का?"

"आहे. तशीच ये ना. दोनशे पावलं तर आहेत."

"दोनशेच आहेत ना, मग चाल की. माझे डोळे आत्ता कुठे बसलेत. जिन्यातल्या दिव्यातून तीन मजले उतरले तर गेलंच सगळं."

ती म्हणाली, "बरं."

पंचविशी उलटली आणि आईने कोपऱ्यावर न्यायला यायला हवं. हिच्या वयात मी एकटी रात्रीच्या गाडीने हिच्या बाबांच्या बदलीच्या गावी गेले होते, मांडीवर हीच होती, आठ महिन्यांची. पुन्हा डोळे बसेपर्यंत ढग आले. इतका संताप झाला की जेवतानाही बोलले नाही. तोंड फिरवून दोघी वरण ओतून घेत होतो.

१९ मार्च

सात नंबरवाला पुन्हा उगवला. "रोज रात्री कामावरून येताना त्रास होतो. कृपया बघावे." कसला त्रास ते लिहायला काय शाई लागत होती? ठेच लागते, कुत्रं अंगावर येतं, काहीतरी म्हणा. नुसता त्रास. त्रास कुणाला होत नाही? मला साहेबांचा होतो, मी कुठे कृपया बघावे म्हणून लिहिते.

वायरमन टेबलापाशी आला होता. मेसेजची प्रत बघून हसायला लागला.

"बाई, खांब सापडला नाही? मी कालच त्याला टेकून चहा प्यालो."

"मग तो तुला सापडला. मला नाही सापडला."

"शिडी घेऊन जाऊ का? पाच मिनिटांचं काम आहे."

"तुला सांगितलंय का कुणी?"

"नाही."

"मग चहा पी."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. यांना काम सांगितलं तरी पंचाईत, नाही सांगितलं तरी पंचाईत. पुन्हा तेच कारण टाकून मिटवली.

२ एप्रिल

चांदणं. आकाश बंद.

महर्षींचा फोन. "बाई, हट्ट सोडा. माझ्या घरी या, कॉम्प्युटरवर तिसरीचा सुंदर फोटो आहे, तो बघा. मंडळ सवलत देईल." सवलत. म्हणजे मी रेल्वेच्या डब्यात खिडकी मागणारी म्हातारी आणि ते टीसी. "फोटो बघायचा असता तर कॅलेंडर घेतलं असतं," म्हटलं आणि ठेवला.

दुसरं, आणि यानेही डोकं फिरलंय. लेक हल्ली गल्लीतून येताना मोठमोठ्याने फोनवर बोलत येते. आज गच्चीवर कपडे काढायला गेले तेव्हा कानांनी ऐकलं. "हो बाबा. वळले मी. दिसतंय मला तुम्ही कुठे उभे आहात ते. हां, या पुढे."

नऊ वर्षं झाली माणूस जाऊन.

ती वर आल्यावर विचारलं, हे काय चाललंय. म्हणाली, "काही नाही. सवय."

"असली कसली सवय? माझ्यासमोर कधी त्यांचं नाव काढत नाहीस."

"तू असतेस का समोर?" म्हणाली आणि आंघोळीला गेली.

बोलायला मात्र धार आहे. कुणावर गेलीय कोण जाणे.

११ एप्रिल

तिसरी तक्रार. "सात नंबरच्या खांबापाशी एक माणूस उभा असतो. तीनदा मागे आला. दिवा लावा."

ही वाचल्यावर मात्र हात थांबला. दोनदा वाचली. पाणी प्याले. वायरमनला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

अमावस्या सहा दिवसांवर. हवा धुतल्यासारखी स्वच्छ. सिंह दहा वाजता डोक्यावर. एवढं सगळं एका वेळी जुळून यायला पुन्हा वर्ष जाईल, आणि पुढच्या वर्षी माझे डोळे त्रेपन्नचे असतील. आधीच चष्म्याचा नंबर दर दिवाळीला वाढतोय.

मिटवली नाही. 'विचाराधीन' करून ठेवली. सहा दिवस. अठरा तारखेला सकाळी पहिलं काम तेच. बाई कोण असेल ती सहा दिवस वाट वाकडी करून जाईल, नाहीतर घरातल्या कुणाला तरी बोलावेल. घरात कुणीतरी असेलच की.

तरी दिवसभर डबा उघडला नाही. राग आला तो त्या बाईचाच. तिला आत्ताच लिहायचं होतं.

१५ एप्रिल

सापडली.

फोन खाली स्वयंपाकघरात ठेवून गेले होते, बरोबर फक्त लाल टॉर्च आणि कोरं वर्तुळ छापलेला मंडळाचा कागद. मागच्या पायाच्या ताऱ्यावरून निघाले, एकेका ताऱ्यावर उडी मारत त्या दोघींपाशी. मग नजर मुद्दाम बाजूला टाकली. फिकट वस्तूकडे थेट पाहायचं नसतं. थेट पाहिलं की ती जाते, डोळ्याच्या कोपऱ्याने पाहिलं की येते. पाच मिनिटं काही नाही. आणि मग वर, डाव्या बाजूला, एक लांबट राखाडी रेघ. पुसलेल्या पाटीवर खडू राहतो तशी. गेली. आली. गेली. दुर्बिणीला बोटाने टिचकी मारली, तीही सगळ्यांबरोबर हलली. म्हणजे डोळ्यातली नव्हे, आकाशातली.

साडेतीन कोटी वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड माझ्या टाकीत उतरला. महर्षींच्या नाकावर टिच्चून.

सव्वादहा ते पावणेबारा हललेच नाही. पाच वेळा रेखाटली, पाचही वेळा त्याच जागी.

खाली आले तर फोनवर लेकीचे सात मिस्ड कॉल. किल्ली विसरली असणार. तेवढ्यात दार वाजलं. नाक्यावरचे औषधवाले काका तिला सोडायला वरपर्यंत आले होते. दुकान बंद करून, म्हणे. ते माझ्याकडे बघून काही बोलणार होते, पण तिने "थँक्यू काका, जा तुम्ही" म्हणून त्यांना वाटेला लावलं. चेहरा पांढराफटक. ओव्हरटाइम केला असेल, रक्ताच्या बाटल्यांत दिवस काढायचा म्हणजे जीव दमतोच.

"सापडली," मी म्हटलं.

"काय?"

"तिसरी."

"छान," म्हणाली. तशीच, न जेवता झोपली. जरा तरी आनंद दाखवायला काय झालं होतं.

१७ एप्रिल

हे लिहायला आत्ता बसलेय, आणि काय लिहावं कळत नाही.

मंडळाच्या नियमाप्रमाणे साक्षीदार लागतो. सभासद नसला तरी चालतो. त्याला वस्तू कुठे आहे ते सांगायचं नाही. दुर्बिणीतून पाहून त्याने कोऱ्या वर्तुळात स्वतः ठिपका काढायचा आणि सही करायची. आज लेकीला सुट्टी. पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं, तेव्हा कुठे गच्चीवर आली.

अंधारात वीस मिनिटं बसवलं. मग तिने डोळा लावला. बराच वेळ बघत होती, हलली नाही, मला वाटलं दिसली.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"नीट बघ. नजर जरा बाजूला..."

"काही नाही दिसत, आई."

"असं कसं? मला परवा स्वच्छ..."

"लिही ना मग," ती डोळा न काढता म्हणाली. "खांब सापडला नाही, असं लिही."

तिने फोन काढला. पडद्याच्या उजेडाने माझे डोळे दिपले, पण ती थांबली नाही, एकेक मेसेज पुढे धरत गेली. खांब सापडला नाही, टेबल क्रमांक चार. खांब सापडला नाही, टेबल क्रमांक चार. विचाराधीन, टेबल क्रमांक चार.

"पहिल्यांदा वाटलं, चूक झाली असेल. दुसऱ्यांदा वाटलं, वायरमन खोटं सांगत असेल, तू कशाला बघायला जाणारेस खांब. मग एकदा वर बघितलं तर तू गच्चीवर. बरोब्बर त्या खांबासमोर."

"माझ्याशी बोलायचं होतंस."

"बोलले की. दोन महिने तेच करतेय." मग म्हणाली, "परवा तो कोपऱ्यावरून माझ्याबरोबर वळला. मी बाबांशी बोलत होते फोनवर. तो म्हणाला, तुझे बाबा रोज फक्त बोलतातच, येत का नाहीत. मी पळत उलटी औषधांच्या दुकानात गेले. तिथून तुला फोन केले."

ती खाली गेली. मी कितीतरी वेळ दुर्बिणीपाशी उभी होते. पाहिलं नाही.

१८ एप्रिल

खालच्या खोलीतून वही मागवली. तीनही ठिकाणी तिचा नंबर. माझ्या फोनमध्ये जो सगळ्यात वर आहे तो.

वायरमनला हाक मारली. तो शिडी घेऊन तयारच होता, जणू फेब्रुवारीपासून दारामागे उभा होता. जाताना म्हणाला, "बाई, मला वाटलेलं, तुमचं काहीतरी कारण असेल." त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुपारी साहेबांपुढे कागद ठेवला. खांब जागेवर होता, मला माहीत होतं, दिवा मी मुद्दाम लावू दिला नाही. सही.

साहेबांनी वाचलं, पंखा वाढवला, पुन्हा वाचलं.

"असं लिहून कशाला ठेवता? वायरमनवर टाकू. तो टेम्पररी आहे."

"तो स्वतःहून विचारायला आला होता."

"म्हणून तर. त्याने लेखी कुठे विचारलं?"

एकवीस वर्षांत मी या माणसासमोर आवाज चढवला नव्हता. आज सगळं ऑफिस खुर्चीवरून उठून बघत होतं. काय बोलले ते लिहीत नाही, पण त्यातलं निम्मं मलाच लागू होतं हे बोलतानाच कळत होतं. साहेबांनी मेमो मलाच द्यायचं कबूल केलं. तो द्यायलासुद्धा त्यांना तीन सह्या लागतात.

संध्याकाळी दिवा लागला. गच्ची दुधाने धुतल्यासारखी. सिंह गेला.

२२ एप्रिल

चार दिवस झाले, सव्वादहाला कोपऱ्यावर जाऊन उभी राहते. तो माणूस दिसला नाही. दिसायला हवा होता, फार इच्छा आहे. पर्समध्ये दुर्बिणीचा लोखंडी पाना ठेवलाय. आज पोलिसांत तक्रार देऊन आलो दोघी. तिथल्याने विचारलं, तेव्हा घरी कुणी नव्हतं का. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "होती. आई होती." त्याने तसंच लिहून घेतलं.

येताना ती रस्त्याच्या त्या बाजूने चालली, मी या बाजूने.

३० एप्रिल

ती आज हॉस्पिटलच्या होस्टेलवर राहायला गेली. दोन बॅगा, एक गादी. "पाळीला जवळ पडतं," म्हणाली. मी नको म्हटलं नाही. म्हणायला तोंड कुठे आहे.

निघताना टेबलावरचा मंडळाचा कागद तिला दिसला. माझं रेखाटन झालेलं, शेजारचं साक्षीदाराचं वर्तुळ कोरं. खुर्ची ओढून बसली, पेन घेतलं आणि वर्तुळात एक बारीक लांबट रेघ काढली. वर, डाव्या बाजूला. माझं रेखाटन तिने बसताच तळहाताने झाकलं होतं, पण झाकायची गरज नव्हती. तिरकेपणसुद्धा बरोबर होता.

"दिसली होती," म्हणाली. "लगेच दिसली होती."

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी तुला द्यायची नव्हती."

सतरा एप्रिल अशी तारीख घालून सही केली. मी म्हटलं, नको करूस, राहू दे, मला नकोय आता ती. तर कधी नव्हे ती चिडली. "असं करू नकोस. तेवढ्यासाठी केलंस ना सगळं? मग घे. निदान ते तरी खरं असू दे."

रिक्षा आली. बॅगा मी उतरवल्या, तेवढं करू दिलं.

आता रात्र आहे. कागद समोर. यादी पुरी, शंभरपैकी शंभर, महर्षींना टाळ्या वाजवाव्या लागतील. शेवटी एक रकाना असतो: निरीक्षणात आलेले अडथळे, ढग, वारा, उजेड, इतर. पंधरा तारखेला मी तिथे 'काही नाही' लिहिलं होतं. मंडळात खोडाखोड चालत नाही, पुढे लिहिलेलं चालतं.

पुढे लिहिलं: 'सव्वादहा ते पावणेबारा या वेळात साक्षीदार नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात बसून निरीक्षकाला फोन करत होती. निरीक्षकाने फोन खाली ठेवला होता. आकाश उत्तम.'

सही केली. उद्या टपालात टाकते. बैठकीत नोंदी मोठ्याने वाचून दाखवतात, तशी ही वाचावी.